जुलैच्या चिखलात निवडलेला संघ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या मैदानावर डोकावा, चित्र साधारण एकच दिसते. सर नुकतीच ओसरलेली, गोलसमोर घोटाभर तांबडे पाणी, पन्नास-साठ पोरगे, दोन चेंडू, एक शिट्टी. बावीस आत, बाकीचे कुंपणाच्या कठड्यावर. वीस मिनिटांनी बावीस बदलतात आणि तासाभरात कॉलेजच्या फुटबॉल संघाची यादी होते. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भाकीत ऐकू येते : यंदा संघ जबर आहे, दोघे गोवा प्रोफेशनल लीग, म्हणजे क्लबांची राज्यातली वरची लीग, खेळतात, एक वीस वर्षांखालच्या लीगमधला आहे, गोलकीपर तर मोठ्या क्लबचा.

असे भाकीत म्हणजे मिरगाच्या पहिल्या सरीवर भाताचे पीक मोजणे. ज्या चार नावांवर ते उभे असते, ती चारही उधारीची असतात. त्या पोरांचा आठवडा क्लबच्या ताब्यात असतो आणि कॉलेजला उरलेसुरले मिळते. येता हंगाम कसा जाईल हे सांगायचे तर यादीत किती नामांकित आहेत ते बाजूला ठेवून, कितीजणांचा आठवडा कॉलेजच्या हातात आहे ते मोजावे लागेल. क्लबच्या खेळाडूंना घेऊ नका असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्याभोवती संघ बांधणे ही गोव्यातल्या कॉलेजांची जुनी खोड आहे आणि ती सोडायला हवी.

हिशेब करून पाहू. १० जुलै ते सप्टेंबरअखेर साधारण बारा आठवडे. आठवड्याला चार सराव धरले तर ४८. त्यातून गणेश चवथीचा आठवडा वजा, म्हणजे चार गेले. आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षांच्या, दिवसांत पोरगे मैदानावर येत नाहीत आणि येऊही नयेत, आणखी सहा-सात गेले. वीज कडाडते, मैदानाची तळी होते, असे आठ-नऊ दिवस धरा. हातात उरतात २८ ते ३० सराव. क्लबशी करारबद्ध पोरगा यातल्या किती सरावांना येईल? क्लबचा सराव सकाळी असेल तर तो दुपारी दमलेला, संध्याकाळी असेल तर तो येणारच नाही. सात-आठ सराव पदरात पडले तरी खूप. आणि लीग सुरू झाली की सामने आठवड्याच्या मधल्या वारीही लागतात, नेमके कॉलेजचे सामने असतात त्याच दुपारच्या वेळी. म्हणजे ज्याच्यासाठी सगळी रचना आखली तो मधल्या फळीतला खेळाडू उपांत्यपूर्व सामन्याच्या आदल्या रात्री फोन करतो, ‘सर, क्लब सोडत नाही.’ त्याच्या जागी उतरणारा पोरगा त्या रचनेत एकदाही खेळलेला नसतो.

यात क्लबचा दोष काढण्यात अर्थ नाही. खेळाडूला पैसे तो देतो, दुखापत झाली तर नुकसान त्याचे, आणि महासंघाच्या नोंदणीत नावही त्याच्याकडे असते. कॉलेजकडे फक्त बोनाफाइड. तेव्हा भांडण न करता एक वही घालावी. प्रत्येक नावासमोर सोमवार ते शनिवार सहा रकाने आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच एवढीच वेळ. ज्या वारी पोरगा नक्की मोकळा तिथे बरोबरची खूण, क्लबचा सराव तिथे ‘क्ल’, प्रॅक्टिकल तिथे ‘प्रॅ’. विज्ञान शाखेच्या पोरांचे प्रॅक्टिकल दुपारीच असते, ही गोष्ट दरवर्षी ऑगस्टमध्ये नव्याने कळते, तीही अशी जुलैतच कळेल. बावीस जणांच्या वहीत तीन वारांना सोळा-सोळा खुणा असतील तर संघ उभा राहतो. दहा-अकराच असतील तर निवड कितीही चकचकीत असो, हा संघ दुसऱ्या फेरीपलीकडे जाईल यावर पैज लावू नये. हा आमचा अंदाज आहे, नियम नव्हे. पण लीगमधल्या नावांवरून केलेल्या भाकितापेक्षा तो जास्त वेळा खरा ठरेल.

वही भरली की क्लबवाल्यांची जागाही स्पष्ट होते. त्यांना कडेला किंवा अगदी पुढे खेळवा : विंगर, फुल-बॅक, नाहीतर पुढचा एकटा स्ट्रायकर. तिथे तो नसला तर दुसरा बसवता येतो. गोलकीपर, स्टॉपरची, म्हणजे मधल्या बचावपटूंची, जोडी आणि त्यांच्यापुढचा मधला खेळाडू, हा संघाचा कणा रोज येणाऱ्यांचाच असावा. हे चौघे एकमेकांना आवाजावरून ओळखतात की नाही, यावर बाद फेरीचे सामने ठरतात. क्लबचा नामांकित स्टॉपर आणून बसवला आणि तो ‘माझा!’ म्हणून ओरडल्यावर दुसरा मागे सरला नाही, की दोघांच्या मधून चेंडू जाळ्यात. असा गोल पाहिला नाही असा प्रेक्षक गोव्यात सापडणार नाही.

आता निवड चाचणीकडे येऊ, कारण मूळ घोटाळा तिथेच होतो. अकरा विरुद्ध अकराच्या पूर्ण ९० मिनिटांच्या सामन्यातही एका खेळाडूच्या पायाशी चेंडू मिळून एक-दोन मिनिटेच असतो. वीस मिनिटांच्या चाचणीत मग काय दिसणार? त्यात चिखल. चिखलात चेंडू जमिनीवरून सरकत नाही, थांबतो. त्यामुळे लांब लाथ मारणारा, अंगाने दांडगा पोरगा उठून दिसतो आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू वळवणारा, नजर वर ठेवून खेळणारा बुटका कठड्यावर राहतो. कॉलेज स्पर्धेच्या वेळी सामना पडतो कृत्रिम हिरवळीवर, म्हापशाच्या धुळेरसारख्या मैदानावर. तिथे चेंडू सपाट आणि वेगाने जातो. दांडगा धावत राहतो आणि बुटका तेव्हा प्रेक्षकांत बसलेला असतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. चाचणी एका दिवसाऐवजी तीन दिवस घ्या. पहिले दोन दिवस चार विरुद्ध चार, गोलकीपरविना, ३० बाय २० मीटरच्या चौकटींत, शंकूंचे छोटे गोल लावून. १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद मैदानात अशा सहा चौकटी आरामात बसतात, ज्या कोपऱ्यात पाणी तुंबले आहे तो सोडूनही. म्हणजे ४८ पोरगे एकाच वेळी खेळतात. सहा मिनिटांचा डाव, दोन मिनिटे विश्रांती, मग संघ बदलायचे, असे पाच डाव. लागतात सहा चेंडू, चार-पाच जादाचे आणि २४ रंगीत बनियन. पाहणाऱ्याने गोल मोजू नयेत. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहतो का, चेंडू गमावल्यावर पहिली तीन पावले कुठल्या दिशेने टाकतो, आणि नवख्या सोबत्यांत बोलतो का, एवढेच टिपावे. ज्याच्या संघात जाईल तो संघ जिंकतो असा एखादा पोरगा पाचव्या डावापर्यंत आपोआप वर येतो. तिसऱ्या दिवशी पूर्ण सामना. दमाची चाचणी चिखलात घेऊन काही कळत नाही. कॉलेजच्या सभागृहात २० मीटर सलग जागा मिळत असेल तर बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या ठोक्यावर ये-जा धावण्याची चाचणी, तिथे घ्यावी.

मैदानाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण पोरांचे गुडघे तिथे जातात. पावसाळ्यात सगळे सराव गोलसमोरच होतात, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत गोलसमोरची हिरवळ नाहीशी होऊन तिथे खड्डा पडतो. पाऊस संपला की तोच खड्डा जांभ्याच्या कडक मातीचा वाडगा होतो आणि गोलकीपर त्यात कोपर फोडून घेतो. जून ते सप्टेंबर मूळ गोलपोस्टसमोर सराव करू नये. हलवता येणारे दोन गोल घेऊन ते दर आठवड्याला जागा बदलत ठेवावेत, आणि मागे वाळूच्या गोणींनी दाबावेत. उलटून अंगावर पडलेला गोलपोस्ट जीव घेऊ शकतो. पाणी काढायला मैदानाभोवतीचा चर मेअखेर उपसावा लागतो. तो जुलैत उपसायला घेतला की मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी गाळ पुन्हा मैदानातच येतो. रेषा आखायला कळीचा चुना अजून काही ठिकाणी वापरतात. तो ओल लागली की तापतो आणि डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. संगमरवराची भुकटी किंवा पाण्यात कालवलेला पांढरा रंग वापरावा.

बुटांचे तर विचारूच नका. पोराकडे एकच जोड असतो आणि तो तिन्ही मैदानांवर चालवतो. चिखलाला बुटाच्या तळाशी लांब, मोजके खुंट (स्टड) लागतात, कोरड्या जमिनीला मध्यम आणि कृत्रिम हिरवळीला आखूड पण पुष्कळ. लांब किंवा पात्यासारखे खुंट कृत्रिम हिरवळीत अडकले की पाय तिथेच राहतो, अंग वळते आणि गुडघ्यातला आतला बंध तुटतो. दुखापतीनंतर शस्त्रक्रिया आणि आठ-नऊ महिने, म्हणजे त्या पोराच्या कॉलेज फुटबॉलचा तिसरा हिस्सा. दरवर्षी नवी जर्सी शिवण्यापेक्षा आखूड खुंटांच्या बुटांचे वेगवेगळ्या मापांचे दहा-बारा जोड कॉलेजने घेऊन ठेवावेत. जर्सी फोटोत दिसते आणि बूट दिसत नाहीत, अडचण तेवढीच.

सरावाआधीची धाव-ताण अजून जुन्या पद्धतीने चालते : मैदानाला दोन फेऱ्या, मग गोल करून उभे राहून पाय ताणायचे. फिफाच्या ‘इलेव्हन प्लस’ कार्यक्रमात १५ व्यायाम आहेत. आठ मिनिटे धावण्याचे, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्यांचे, शेवटची दोन मिनिटे वेगाने धावत दिशा बदलण्याची. वीस मिनिटांत संपतो, साधन काहीच लागत नाही, आणि आठवड्यातून किमान दोनदा नेमाने केला तर दुखापती घटतात, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी त्यात एक व्यायाम आहे : गुडघ्यांवर बसायचे, सोबत्याने घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. सुरुवात पाच वेळा पुरे. सामन्याच्या आदल्या दिवशी तो टाळावा, दुसऱ्या दिवशी मांडी दुखते आणि पोरगे मग तो कायमचाच सोडून देतात.

दुखापतींचे दुसरे कारण पोरांच्या रविवारात दडलेले असते. भाताची कापणी झाली की शेतांत गावोगावी स्पर्धा सुरू होतात. सात-सात जणांच्या, रोख बक्षिसांच्या. रविवारी शेतातले दोन सामने, मंगळवारी क्लबचा सराव, बुधवारी कॉलेजचा सामना, शनिवारी लीग. पूर्ण सामन्यानंतर शरीर सावरायला दोन ते तीन दिवस लागतात. इथे ते कधीच मिळत नाहीत. मुरगळलेल्या घोट्यावर फडके गुंडाळून पोरगा खेळतो, कारण कॉलेजला सांगितले तर बसवतील आणि क्लबला सांगितले तर पैसे बुडतील. शेतातले फुटबॉल बंद करा असे सांगणारा माणूस गोव्याचा नव्हे. पण खेळलेली मिनिटे त्याच वहीत लिहून घेता येतात : रविवारी किती, कुठल्या मैदानावर, काही दुखते का. शिक्षा होणार नाही याची खात्री पटली की पोरगे खरे सांगतात. घोट्याबाबत साधी कसोटी ठेवावी. दुखऱ्या पायावर दहा उड्या, मग आठच्या आकड्यात धाव. चेहरा वाकडा झाला तर तो पोरगा आज पाणी वाटेल.

पाण्याचा विषय निघालाच आहे. दुपारी बाराला डबा, तीनला कॅन्टीनचा भाजी-पाव आणि चारला धावणे, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात पोटात कळ. भाजी-पाव सरावानंतर, आधी दोन केळी. ऑक्टोबरच्या उकाड्यात दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी प्यायला थांबावे. मीठ घातलेली पेज बाटलीत भरून आणली तर रंगीत पाण्याच्या महाग बाटल्यांची गरज नाही. आजीला हे ठाऊक होते, क्रीडाविज्ञान नंतर आले. चिखलात खेळून आल्यावर खरचटलेली जागा साबणाने धुणे आणि ताप आला तर डॉक्टरला ‘मैदानातल्या पाण्यात खेळलो’ हे सांगणे, या दोन गोष्टी पावसाळ्यात लेप्टोच्या भीतीने तरी पाळाव्यात.

आता गोलकीपर. भारताचे गोलकीपर राहिलेल्या ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्यात कॉलेज संघाला एकच गोलकीपर असावा, याला काय म्हणावे? दुसरा असतो तो नावापुरता : उंच आहे म्हणून हातमोजे चढवलेला एखादा बचावपटू. आणि पहिला बहुधा क्लबचा, म्हणजे उधारीचा. चाचणीत बाजूला पडलेल्या पोरांतून दोघे निवडून त्यांना बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, चाळीस-चाळीस मिनिटे वेगळे शिकवले तर स्पर्धेपर्यंत एक तरी कामाचा निघतो. उड्या मारण्याआधी पायांची चाल शिकवा : आडवी पावले, पाय एकमेकांवर न टाकता. मग बाहेर येऊन उंच चेंडू पकडणे, गुडघा वर आणि आवाज मोठा. पावसात ओला चेंडू छातीवर घ्यायचा प्रयत्न करू नये, मुठीने बाजूला, शक्य तर कडेच्या दिशेने लोटावा. हातमोजेही कोरडे वापरले की लॅटेक्स निसटते आणि लवकर फाटते. खेळण्याआधी ते ओले करून पिळावेत, नंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. बॅगेत कोंबून ठेवले की आठवड्यात बुरशी.

चेंडूचेही असेच. नियमाने त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवा मात्र अंगठ्याने दाबून पाहतात. शिवलेला चेंडू पावसात पाणी पितो आणि जड होतो. तो डोक्याने मारायच्या सरावाला वापरू नये. सुई कोरडी घुसवली की झडप फाटते, पाण्याचा एक थेंब लावून घालावी. वीस पोरांना दोन चेंडू घेऊन बसणाऱ्या कॉलेजने हंगामाबद्दल काही बोलूच नये.

बाद पद्धतीत बरोबरी झाली की पेनल्टी. यात नियम न कळल्यामुळे सामने गेले आहेत. सामना संपताना जे मैदानात असतात, तेच पेनल्टी मारू शकतात. वेळ काढायला शेवटच्या मिनिटाला चांगला मारणारा बाहेर काढला की तो गेलाच. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू लाल कार्डाने बाहेर गेला असेल तर आपलाही एक वगळावा लागतो, तो कोण हे आधी ठरलेले असावे. सरावाच्या शेवटी, दमलेल्या पायांनी, प्रत्येकाने रोज एक मारायची आणि कुठल्या कोपऱ्यात मारली ते लिहायचे. मध्यवर्तुळातून चालत येऊन. त्या चालण्यातच पोरांचे पाय गळतात.

मुलींच्या संघाविषयी हेच सगळे लागू, पण आधी अकरा मुली जमवण्याचा प्रश्न. २०२२ च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले तरी कॉलेजच्या मैदानावर मुलींना वेळ मिळते ती मुलगे उठल्यावर, अंधार पडता पडता. बसची शेवटची फेरी तोपर्यंत गेलेली असते. सोमवार-गुरुवार मैदान त्यांचे, एवढे ठरवायला अनुदान लागत नाही.

क्लबची बाजू घेणारे विचारतील, पोराला पुढे जायचे तर लीगच खेळावी लागणार, कॉलेजच्या चषकाने कोणाचे भले झाले? प्रश्न रास्त आहे. पण धेंपो, साळगावकर, चर्चिल या क्लबांनी राष्ट्रीय विजेतेपदे गोव्यात आणली, तो काळ आणि आजचा काळ एक नाही. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले तेव्हा फुटबॉलवर घर चालवण्याची वाट एकदम अरुंद झाली. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो २०२४-२५ च्या हंगामात. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी लीगसाठी पदवी सोडली, त्यांच्या हातात काय उरले हे त्यांच्या गावांना माहीत आहे. विसाव्या वर्षी लीग खेळणाऱ्या पोराची पदवी पूर्ण होणे हे क्लबच्याही फायद्याचे आहे. म्हणून गोवा फुटबॉल असोसिएशन आणि विद्यापीठ यांनी मे महिन्यात एकत्र बसून कॉलेज स्पर्धेचे दोन आठवडे लीगच्या वेळापत्रकात मोकळे ठेवावेत, ही मागणी अवाजवी नाही. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठे असतात. तिथे गोव्याचा संघ पुरेसा सराव न करता जातो तो याच गोंधळामुळे. आयएसए चुकली तर ती पुन्हा कधी घेणार, हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावे. हजेरी माफ होते, गुण मात्र बुडतात, आणि आई-वडील पुढच्या वर्षी पोराला खेळू देत नाहीत.

एक गोष्ट येत्या हंगामापासून बदलते आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणाखाली २०२३-२४ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात जाते. आजवर तिसऱ्या वर्षाबरोबर कर्णधार, स्टॉपर, गोलकीपर असे तयार झालेले पोरगे हातचे जात. आता त्यांतला जो ऑनर्सला थांबेल तो आणखी एक हंगाम खेळू शकेल. मात्र तो थांबतो की पदवी घेऊन बाहेर पडतो, हे त्याला निकालाआधी विचारावे लागेल, आणि कण्यातल्या चौघांपैकी दोघे जरी थांबले तरी त्या संघाला जुलैच्या चाचणीत फार काही शोधायचे उरत नाही. वहीत त्यांची नावे पहिल्या पानावर लिहावीत, आणि समोरच्या रकान्यांत त्यांच्या प्रोजेक्टचे वारही.